मुलांचा रकाना नसलेला कॅल्क्युलेटर

घर बदलावे की आहे तिथेच राहावे, या प्रश्नावर आमच्या घरात गेले आठ महिने जी चर्चा चालू आहे, तिच्यात एक कॅल्क्युलेटर पाचव्या सदस्यासारखा येऊन बसला आहे. एका कर्ज देणाऱ्या संस्थेने तो आपल्या संकेतस्थळावर आणि मोबाइल अ‍ॅपमध्ये विनामूल्य ठेवला आहे आणि तुम्हाला किती किमतीचे घर परवडेल हे दोन मिनिटांत सांगण्याचे आश्वासन तो देतो. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण याच धाटणीची आणखी तीन साधने मी वापरून पाहिली आणि ज्या उणिवांबद्दल पुढे लिहिले आहे त्या चारही ठिकाणी कमीअधिक सारख्याच आढळल्या. आम्ही चौघे आहोत: दोघेही कमावते, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा, आणि राहते घर भाड्याचे. अशा कुटुंबाला या साधनाचा उपयोग कितपत होतो, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे. पाचपैकी अडीच गुण मी त्याला देतो, आणि त्यातले दोन तरी केवळ त्यातील एका तक्त्यासाठी आहेत.

आधी चांगले ते सांगतो. निकाल दाखवण्यापूर्वी हे साधन फोन नंबर मागत नाही, ही सभ्यता अलीकडे दुर्मीळ झाली आहे. हातात येणारे मासिक उत्पन्न, आधीपासून चालू असलेले हप्ते, जवळची शिल्लक, व्याजदर आणि मुदत असे पाच रकाने भरले की अर्धवर्तुळाकार तबकडीवरचा काटा हिरव्या, पिवळ्या किंवा लाल भागात जाऊन थांबतो. व्याजदर आणि मुदतीच्या पट्ट्या बोटाने सरकवता येतात आणि काटा त्याबरोबर हलतो, त्यामुळे कर्जाचे गणित न शिकलेल्या माणसालाही कशाने काय बदलते याचा अंदाज येतो. निकालाच्या खाली दर महिन्याच्या हप्त्यात व्याज किती, मुद्दल किती आणि शिल्लक किती, हे सांगणारा पूर्ण मुदतीचा तक्ता आहे आणि तो उतरवून घेता येतो. हाच तो तक्ता. त्याच्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

अडचण तबकडीपासून सुरू होते. घराचा खर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत असेल तर काटा हिरव्यात राहतो, ४० टक्क्यांपर्यंत पिवळ्यात, आणि त्यापुढे लाल. ही ३० टक्क्यांची रेघ इतकी रूढ झाली आहे की ती निसर्गनियमासारखी वाटू लागते. प्रत्यक्षात ती प्रशासकीय सोयीतून आलेली आहे. अमेरिकेत १९६९ साली झालेल्या ब्रूक दुरुस्तीने सरकारी घरांतील भाडेकरूंचे भाडे त्यांच्या उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आणि १९८१ साली ती मर्यादा ३० टक्क्यांवर नेण्यात आली. तेथील गृहनिर्माण खाते आजही ३० टक्क्यांहून अधिक खर्च करणाऱ्या कुटुंबाला भारग्रस्त आणि ५० टक्क्यांहून अधिक खर्च करणाऱ्याला तीव्र भारग्रस्त मानते. युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट ही रेघ ४० टक्क्यांवर ओढते. म्हणजे २५ चे ३० झाले ते माणसांच्या गरजा बदलल्या म्हणून झालेले नाही, आणि ३० व ४० यांत जे अंतर आहे तेही कोणाच्या घरातील मुलांची संख्या मोजून ठरलेले नाही. कर्ज देणाऱ्याला मात्र ही रेघ फार सोयीची आहे. हप्ता थकणार नाही इतपत खात्री झाली की त्याचा प्रश्न सुटतो, आणि हप्ता सहसा थकत नाही, कारण आईवडील हप्ता भरण्यासाठी बाकी सगळ्यात काटकसर करतात.

टक्केवारीत नेमके काय लपते, हे पाहण्यासाठी उत्पन्न १०० भाग धरू. एकटा माणूस, मुले नसलेले जोडपे आणि दोन मुलांचे जोडपे, या तिघांचेही उत्पन्न १०० आणि घरखर्च ३०. कॅल्क्युलेटरच्या दृष्टीने तिघेही एकाच जागी, हिरव्याच्या काठावर उभे आहेत, आणि तिघांच्याही हातात ७० उरतात. आता हे ७० किती जणांचे आहेत ते पाहिले पाहिजे. वेगवेगळ्या आकाराच्या कुटुंबांची तुलना करण्यासाठी ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक संघटनेची जी सुधारित मापनश्रेणी सर्रास वापरली जाते, तिच्यात पहिल्या प्रौढाला १, त्यापुढच्या १४ किंवा अधिक वर्षांच्या प्रत्येकाला ०.५ आणि १४ वर्षांखालील मुलाला ०.३ असे वजन असते. त्यानुसार जोडप्याचे वजन १.५ आणि दोन लहान मुले असलेल्या जोडप्याचे २.१ होते. जोडप्याच्या वाट्याला दर एककामागे ४६.७ येतात, चौघांच्या कुटुंबाला ३३.३. चौघांना त्या जोडप्याइतक्याच सुस्थितीत राहायचे असेल तर घरखर्च वजा जाता त्यांच्या हाती ९८ उरायला हवेत, म्हणजे १०० पैकी घरासाठी २. ही श्रेणी एकूण खर्चासाठी बनवलेली आहे आणि तिच्यात घराचा खर्चही धरलेला आहे, त्यामुळे हे उदाहरण काटेकोर नाही, हे मान्य केले पाहिजे; पण दिशा चुकीची नाही. आणि मूल १४ वर्षांचे झाले की त्याचे वजन ०.३ वरून ०.५ होते, म्हणजे तोच पगार, तोच हप्ता आणि तीच माणसे असतानाही आमच्या कुटुंबाचे वजन तीन वर्षांनी २.३ आणि आठ वर्षांनी २.५ होणार आहे.

ही गोष्ट नव्याने कोणाला सुचली असेही नाही. बर्लिनमधील भाडी आणि मिळकती यांचे आकडे तपासून हेरमान श्वाबे या संख्याशास्त्रज्ञाने १८६८ सालीच दाखवले होते की कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या मिळकतीतील भाड्याचा वाटा मोठा असतो. पुढे अमेरिकी अभ्यासक मायकेल स्टोन यांनी टक्केवारी बाजूला ठेवून उरलेल्या रकमेचा हिशेब मांडण्याचा आग्रह धरला: घराचा खर्च दिल्यावर कुटुंबाच्या आकारमानानुसार लागणाऱ्या बाकी गरजा भागत नसतील तर ते कुटुंब निवाऱ्यापायी दरिद्री आहे, मग टक्का कितीही असो. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कविषयक समितीने १९९१ साली पुरेशा निवाऱ्याच्या हक्कावर जे भाष्य केले, त्यातही परवडण्याची कसोटी हीच आहे. घराच्या खर्चामुळे इतर मूलभूत गरजा धोक्यात येता कामा नयेत, असे तिथे म्हटले आहे. या विचारात कठीण गणित कोणतेच नाही. वजाबाकी आहे. कॅल्क्युलेटरला ती करता येत नाही असे नव्हे, ती करण्यासाठी लागणारा प्रश्न तो विचारत नाही.

तरीही ३० टक्क्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर परीक्षण एकांगी होईल. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सँड्रा न्यूमन आणि स्कॉट होलुप्का यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांची पाहणी केली होती. उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के घरावर खर्च करणाऱ्या कुटुंबांत मुलांच्या पुस्तकांवर आणि शिकण्याच्या साधनांवर होणारा खर्च आणि मुलांचे वाचन-गणितातील गुण सर्वांत चांगले होते. निम्म्याहून अधिक खर्च करणाऱ्यांच्या घरी ते घसरले होते, आणि फारच कमी खर्च करणाऱ्यांच्या घरीही घसरले होते. घर अतिस्वस्त असते तेव्हा ते बहुधा दाटीचे, ओलीचे किंवा धड नसलेल्या वस्तीतले असते, आणि त्याची किंमत मुले वेगळ्या रीतीने भरतात. म्हणून टक्का कमी म्हणजे बरे, असे उलट टोकही गाठता येत नाही.

दाटीचा हा मुद्दा तबकडीवर अजिबात दिसत नाही. आमचे सध्याचे घर तीन खोल्यांचे आहे. भाडे उत्पन्नाच्या २२ टक्के असल्याने काटा हिरव्यात खोलवर जातो आणि खाली ‘आपण याहून मोठ्या घराचा विचार करू शकता’ असे उत्साही वाक्य उमटते. युरोस्टॅटच्या निकषानुसार घरात एक सामाईक खोली, दांपत्याला एक, १२ वर्षांखालील दोन मुलांना मिळून एक अशा खोल्या असाव्या लागतात. मूल १२ ते १७ वयाचे झाले की त्याच वयोगटातील आणि त्याच लिंगाच्या भावंडाबरोबरच त्याने खोली वाटून घ्यावी, नाहीतर त्याला स्वतंत्र खोली हवी. या मोजपट्टीने आज आमचे घर पुरेसे आहे आणि मुलीच्या पुढच्या वाढदिवशी, एकही वीट न हलता, ते दाटीचे ठरेल. निकष बाजूला ठेवला तरी अभ्यासाला बसलेली मुलगी आणि त्याच खोलीत गाड्यांची शर्यत लावणारा मुलगा यांच्यात रोज संध्याकाळी जे तह होतात, त्यांवरून हे मला कळतेच. सांगायचे एवढेच की जे कुटुंब खर्च झेपत नाही म्हणून एका खोलीत पाच जण राहते, त्याचाही काटा हिरव्यातच असतो. त्याने भार कमी केलेला नसतो, तो पैशातून काढून जागेत टाकलेला असतो.

आता त्या तक्त्याकडे. मी १०० भाग कर्ज, ८ टक्के व्याज आणि २० वर्षे मुदत घालून तो उतरवून घेतला आणि शेजारी दोन रकाने स्वतः वाढवले: त्या महिन्यात मुलीचे वय किती आणि मुलाचे किती. या वाढीव रकान्यांनी जे दाखवले ते तबकडीने आठ महिन्यांत दाखवले नव्हते. हप्ता महिना ०.८३६ येतो आणि पहिल्या हप्त्यातील जवळजवळ ८० टक्के रक्कम व्याजात जाते. निम्मे मुद्दल फिटायला १३ वर्षे ८ महिने लागतात. मुलगी १८ वर्षांची होईल तेव्हा ८४ हप्ते भरून झालेले असतील आणि मुद्दलापैकी ८१ टक्के शिल्लक असेल. मुलगा १८ वर्षांचा होईल तेव्हा १४४ हप्ते भरूनही ५९ टक्के शिल्लक असेल. म्हणजे दोघांच्या उच्चशिक्षणाचा खर्च नेमका त्या वर्षांत येतो जेव्हा कर्जातून मोकळे होण्याच्या दृष्टीने आम्ही फारसे कुठेच पोचलेले नसू. मुदत ३० वर्षे केली तर हप्ता १२ टक्क्यांनी उतरतो आणि काटा पिवळ्यातून हिरव्यात येतो. त्या हिरव्या रंगासाठी एकूण व्याज १००.७ वरून १६४.२ वर जाते, आणि शेवटचा हप्ता भरताना मुलगी ४१ वर्षांची असेल. साधन स्वतःहून मुदत वाढवण्याचाच सल्ला देते, ‘हप्ता हलका करा’ असे एक बटणच तिथे आहे. एकूण व्याजाचा आकडा त्याच पडद्यावर बराच खाली, बारीक टायपात आहे. तो दडवलेला नाही एवढे मात्र प्रामाणिकपणे सांगतो.

व्याजदराची पट्टी एकदा ठरवली की ती २० वर्षे तिथेच राहील असे साधन गृहीत धरते. बदलत्या दराच्या कर्जात दर ८ वरून ९ झाला आणि हप्ता तोच ठेवला तर २४० हप्त्यांचे ३०४ होतात, म्हणजे आणखी ५ वर्षे ४ महिने. बिनमुलांच्या जोडप्यालाही हे लागू आहे, म्हणून यावर अधिक लिहीत नाही.

उत्पन्नाचा रकाना मात्र अधिक दोषास्पद आहे. दोन मिळकती असल्या तरी तिथे एकच बेरीज भरायची असते, आणि ती कायम राहणार असे धरले जाते. लहान मूल असलेल्या घरात सर्वांत अस्थिर गोष्ट तीच असते. ५५ आणि ४५ अशा दोन मिळकती असतील आणि हप्ता ३० असेल तर काटा हिरव्यात राहतो. दुसऱ्या अपत्यासाठी, आजारपणासाठी किंवा पाळणाघर मिळाले नाही म्हणून ४५ वाली मिळकत वर्षभर थांबली तर तोच हप्ता उत्पन्नाच्या साडेचोपन्न टक्के होतो, म्हणजे एका वर्षात कुटुंब तीव्र भारग्रस्त वर्गात जाऊन पडते. मुलगा झाला तेव्हा आमच्याकडे बरोबर हेच घडले होते, आणि तेव्हा हप्ता नव्हता, भाडे होते, म्हणून लहान घरात जाऊन आम्ही निभावून नेले. हप्ता असा लहान करता येत नाही. जे आई किंवा वडील एकटेच मूल वाढवतात, त्यांच्या घरात थांबण्याजोगी दुसरी मिळकतच नसते; त्यांच्यासाठी तर हा पूर्ण हिशेबच वेगळा मांडायला हवा.

घरखर्च म्हणून साधन फक्त हप्ता मोजते, हेही पालकांच्या दृष्टीने अपुरे आहे. देखभाल, दुरुस्ती, विमा, स्थानिक कर हे तर आहेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वस्त घर दूर असते, आणि दूर असण्याचा खर्च मुलांच्या घरात दोनदा मोजावा लागतो. येण्याजाण्याचे भाडे वाढते ते वेगळेच, पण पालक रोज दीड तास उशिरा परततात तेव्हा पाळणाघरालाही त्या दीड तासाचे पैसे द्यावे लागतात. आम्ही पाहिलेल्या दोन घरांपैकी दूरचे घर कॅल्क्युलेटरवर स्पष्टपणे परवडत होते आणि जवळचे परवडत नव्हते; प्रवास आणि पाळणाघर मिळवल्यावर दोहोंतला फरक जवळपास नाहीसा झाला.

भाड्याचा विभाग थोडक्यात आटोपतो, कारण त्यात फारसे काही नाही. उत्पन्न भरा, ३० टक्के पाहा, संपले. अनामत रक्कम, दलाली, सामान हलवण्याचा खर्च आणि करार संपल्यावर शाळेच्या मध्यावर घर सोडावे लागण्याची शक्यता, यांपैकी कशाचाही तिथे उल्लेख नाही.

मग आम्ही याचा उपयोग कसा केला, ते सांगतो, कारण साधन टाकाऊ आहे असे माझे म्हणणे नाही. त्यात ‘हप्त्यावरून कर्ज’ असा एक दुर्लक्षित विभाग आहे. आम्ही तिथून उलटी सुरुवात केली. कागदावर तीन रकाने आखले: आजचा खर्च, मुलगी १४ वर्षांची झाल्यावरचा आणि मुलगा १४ वर्षांचा झाल्यावरचा. प्रत्येकात शाळा, आरोग्य, प्रवास, कपडे, आजीआजोबांसाठी लागणारे पैसे आणि सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक साठवण्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम लिहिली. पगारवाढ धरली नाही. तिन्हींपैकी ज्या रकान्यात सर्वांत कमी उरत होते तो आकडा घेतला, त्यातून देखभालीचा आणि कराचा अंदाज वजा केला, आणि जे राहिले ते हप्ता म्हणून त्या विभागात भरले. ८ टक्के दराने आणि २० वर्षांच्या मुदतीने कर्ज हप्त्याच्या सुमारे १२० पट येते, ९ टक्क्यांनी सुमारे १११ पट. एवढे लक्षात ठेवले तर हे साधनही उघडावे लागत नाही. आमचा आकडा तबकडीने हिरव्या भागात दाखवलेल्या कमाल कर्जाच्या साधारण ६० टक्के निघाला. बायकोने तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे आणि सध्या आम्ही त्याच आकड्यात बसणारी घरे पाहतो आहोत. ती कमी आहेत, आणि त्यांतली बहुतेक आणखी एका खोलीची आस अपुरी ठेवणारी आहेत. तो प्रश्न कोणत्याही कॅल्क्युलेटरच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे बरोबर होणार नाही.

दोष आहे तो न विचारलेल्या प्रश्नाचा. मी संस्थेच्या अभिप्राय-पेटीत सविस्तर लिहिले होते: मुलांची संख्या विचारा, वये विचारा, दोन्ही मिळकतींसाठी स्वतंत्र रकाने द्या, आणि तक्त्यात मुलांच्या वयाचा रकाना जोडता येईल असे करा. मागच्या आठवड्यात अ‍ॅपची नवी आवृत्ती आली. तिच्यात उत्पन्नाच्या खाली ‘अवलंबून असलेल्या व्यक्ती’ असा एक नवा रकाना आहे. मी तिथे २ लिहून निकाल पाहिला, मग ० लिहून पाहिला, मग खात्री करण्यासाठी ६ लिहून पाहिला. काटा तिन्ही वेळा त्याच ठिकाणी थांबला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याच संस्थेकडून मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज हवे आहे का, असा संदेश फोनवर आला.